बदलीवरची बाई

प्लास्टरमामांनी आयुष्यात एकच कारस्थान केलं, आणि ते इतकं नीट तडीस गेलं की त्यात एका बाईची नोकरी गेली. कारस्थानं करायची सवय असलेली माणसं कुठेतरी एखादी फट ठेवतात, वेळ आली की तिथून अंग काढून घेतात. मामांना ती अक्कल नव्हती. तीस वर्षं प्लास्टर ओतणाऱ्या माणसाला एकच गोष्ट कळते, की आत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये.

कारखाना कवळ्यांचा होता. शहरभरातले दातांचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांचे ठसे घेऊन तिथे पाठवत, आणि आठ-दहा दिवसांत त्यांच्याकडे तयार दात परत जात. पुढच्या बाजूला काचेचं ऑफिस होतं, तिथे फोन वाजायचे आणि कुंड्यांमधली झाडं पुसली जायची. खरं काम मागच्या खोलीत चालायचं, आणि तिथे माणसं चार. मामा ठशांमध्ये प्लास्टर ओतून जबडे काढायचे. तारभाऊ तारेचे आकडे वळवायचा आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा. शेवटच्या टेबलावरची चकाकी तयार कवळ्या चाकावर धरून चमकवायची, आणि तारभाऊच्या वाटणीचं बोलणंही तीच उरकून टाकायची. मधलं टेबल मेणताईचं.

खरी नावं पगाराच्या कागदावर होती, ती कुणी वापरत नसे. मेणताई मेणात दात बसवायची म्हणून मेणताई, एवढंच. पण ते बसवणं साधं नव्हतं. तयार दात ओळीत सरळ लावले की म्हातारा माणूस हसताना दुकानातल्या बाहुलीसारखा दिसतो. मेणताई डॉक्टरांकडून त्या माणसाचा जुना फोटो मागवायची, एक दात किंचित फिरवायची, दुसरा केसभर आखूड ठेवायची. एक आजोबा कवळी घेऊन थेट कारखान्यात आले होते आणि, "हे माझेच दात आहेत, तुम्हाला सापडले कुठे?" असं विचारून गेले होते. त्यावर ती आठवडाभर हवेत होती.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. मागच्या खोलीत आनंदीआनंद झाला. चकाकी नाचली, तारभाऊ त्या दिवसाच्या कोट्याबाहेर दोन वाक्यं जास्त बोलला. मामांना मूलबाळ नव्हतं; ते तोंड फिरवून उगीचच बादली घासत बसले.

रजेचा कायदा तसा दयाळू होता. सहा महिने रजा, आणि परत आल्यावर तीच जागा, ती नसेल तर त्याच तोलाची दुसरी. तो कागद मेणताईने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यातल्या "ती नसेल तर" या शब्दांवर कुणी थांबलं नाही. चांगली बातमी वाचताना माणूस असा मधेच थांबत नाही.

मॅनेजरबाई मागच्या खोलीत आल्या त्या रजा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. या बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीत ज्याच्यावर दात-ओठ खावेत असा माणूस शोधायला गेलं तर हाती कुणी लागत नाही, आणि तेच तर दुखणं आहे.

"सहा महिन्यांसाठी बदलीवर एक बाई घेऊ या," त्या म्हणाल्या. मेणताई त्या दिवशी तपासणीला गेली होती. "एजन्सीला सांगून ठेवलंय."

तिघांच्याही डोळ्यांपुढे पूर्वी याच खोलीत चिनीमातीचे दात घडवणारा पोर्सिलिनवाला उभा राहिला. नऊ वर्षांपूर्वी त्याची आई अंथरुणाला खिळली, म्हणून त्याने चार महिन्यांची रजा घेतली होती. त्याच्या जागी बदलीवर एक मुलगा आला. चांगला होता, हाताला वेग होता. पोर्सिलिनवाला परत आला तेव्हा मुलगा जागेवर रुळला होता, आणि पोर्सिलिनवाल्याला त्याच तोलाची जागा मिळाली कोठारात, दातांची पाकिटं लावायला. पगार तोच, हुद्दा तोच. तीन महिन्यांत त्याने गाशा गुंडाळला. पुढे पोर्सिलिनचं कामच बंद होईपर्यंत बदलीवाल्या मुलाला कुणी काढलं नाही, कारण काढावं असं त्या बिचाऱ्याने काही केलं नव्हतं.

"मॅडम, बाहेरचं माणूस कशाला?" मामा म्हणाले. "आमचं आम्ही बघतो. तिचं स्टूल रिकामं राहू दे."

"जमेल?"

"न जमायला काय झालं?"

मॅनेजरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय होती. मामांना वाटलं, लढाई जिंकली.

बेत असा ठरला. मेणताईचं काम तिघांनी वाटून घ्यायचं, पण कामाच्या वेळात त्याला हात लावायचा नाही. कामाच्या वेळात केलं तर आपापली कामं मागे पडतील, मग ऑफिसातून ओरड होईल, आणि मग आलीच ती बदलीवरची. म्हणून सकाळी अर्धा तास लवकर यायचं आणि जेवायची पाऊण तासाची सुटी वापरायची. पुढचे दात मामांनी लावायचे, दाढा तारभाऊने, हिरड्या कोरायच्या चकाकीने. प्रत्येक कवळीच्या पेटीत एक चिठ्ठी असायची, तिच्यावर चार रकाने: प्लास्टर, मेण, तार, चकाकी. ज्याने काम केलं त्याने त्या रकान्यात सही करायची. तारभाऊ म्हणाला, मेणाचा रकाना कोरा ठेवू, ती आल्यावर सही करेल. मामा ठाम नाही म्हणाले. उद्या कुणी म्हणायला नको, की पोरीने घरी बसून सह्या मिळवल्या. केलंय आपण, तर सही आपली. आणि त्यांनी मेणाच्या रकान्यात आपली सही अशी ठोकली की आंधळ्यालाही दिसावी.

माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तो असा. आणि इथे तर पायही दुसऱ्याचा होता.

दुसऱ्याच आठवड्यात मेणताईचा दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली होती, ऑपरेशन करून. आवाज थकलेला होता, पण पहिला प्रश्न होता, "मामा, माझ्या जागी कुणी आलंय का?"

मामा अडखळले. नाही म्हणावं, तर ही बया टाके घेऊन सोमवारी हजर होईल. दुसऱ्याला आपल्यामुळे तोशीस पडलेली तिला खपायचीच नाही. ते शब्द शोधत होते तेवढ्यात चकाकीने फोन ओढून घेतला.

"आलीये ना ताई! काय सांगू तुला! केस लाल रंगवलेत. सारखी शिंकते. शिंकली की दात उडतात टेबलावरचे. आणि मेणाने रोज बोट भाजून घेते."

"नाव काय तिचं?"

"आम्ही नुसतं बाई म्हणतो," चकाकी म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून हसत सुटली. मामाही हसले. थापच मारायची तर चांगली मारली होती पोरीने.

तिकडे मेणताई हसली नाही. तिला त्या बाईची दया आली. चार दिवसांनी तिचा नवरा कारखान्यात आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, अंगावर कायम वंगणाचा वास. त्याने हातात चार पानं ठेवली. वर लिहिलं होतं: बदलीवरच्या बाईंसाठी. मेण वितळलं की लगेच घेऊ नका, मनात दहा मोजा. पुढचे दोन दात आधी लावा, मग उठून पाणी पिऊन या. परत आल्यावर वाकडे वाटले तर ते वाकडे आहेत. म्हाताऱ्या माणसाला तरुण दात देऊ नका, त्याला ते आवडतात पण शोभत नाहीत. भाजलं तर गार पाण्यात बोट धरा, तोंडात घालू नका. आणि शेवटी: काही अडलं तर मामांना विचारा, ते नीट समजावून सांगतील.

मामांनी ती पानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पहिले दोन महिने त्यांचं पावलोपावली घोडं अडायचं. मग ते कपाट उघडायचे, वाचायचे, आणि शेवटच्या ओळीपाशी आले की कपाट बंद करायचे. मनात दहा मोजायचे. उठून पाणी पिऊन यायचे. सत्तावन्नाव्या वर्षी ते एका तरण्या बाईकडून धंदा शिकत होते, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या महिन्यापासून हात बसला. खोटं कशाला बोला, मामांना त्या कामाची गोडी लागली. तीस वर्षं त्यांनी बोळके जबडे पाहिले होते. आता त्यांच्यात दात उगवताना दिसत होते. एकही कवळी वाकडी जाऊ द्यायची नाही, असा त्यांनी पणच केला. एकाही डॉक्टरचा तक्रारीचा फोन येता कामा नये, कारण तक्रार आली तर नाव मेणताईच्या जागेचं खराब होणार. सहा महिन्यांत दुरुस्तीला परत आल्या तीन कवळ्या. त्याआधी मेणताई असताना सहा महिन्यांत चार आल्या होत्या. तेव्हा मामांना याचा कोण अभिमान वाटला.

तिच्या परतण्याला पंधरा दिवस उरले असताना पत्र निघालं. कारखान्याची पुनर्रचना झाली होती. गेल्या सहा महिन्यांत मेणकामासाठी स्वतंत्र माणसाची गरज भासलेली नाही, सबब ती जागा इतर तीन जागांमध्ये विलीन करण्यात येत आहे. कायद्याप्रमाणे त्याच तोलाची दुसरी जागा देण्यात येत आहे: शहराच्या दुसऱ्या टोकाला पेट्या घ्यायची-द्यायची खिडकी होती, तिथे, दुपारी दोन ते रात्री दहा. पगार तोच, हुद्दा तोच.

पाळणाघर सहाला बंद व्हायचं. नवरा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सोडवायला कधी कुठे जाईल याचा नेम नसायचा.

मेणताईने मामांना फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, चांगली तापली होती. "मामा, ही काय थट्टा आहे? गरज भासली नाही म्हणे! मग ती बदलीवरची बाई काय सहा महिने शिंकायला आली होती?"

मामांची दातखीळ बसली.

"मी कामगार कचेरीत अर्ज टाकलाय. तेच लिहिलंय त्यात. माझ्या जागी माणूस ठेवावं लागलं, म्हणजे काम आहे. काम आहे म्हणजे जागा आहे. बरोबर ना? तुम्ही साक्षीला याल ना मामा?"

"येईन," मामांच्या तोंडून गेलं. दुसरं काय जाणार होतं?

ते तसेच उठून मॅनेजरबाईंकडे गेले. तीस वर्षांत काचेच्या ऑफिसात ते चार वेळा गेले असतील. हाताचं प्लास्टर पुसायचं राहिलं होतं.

"मॅडम, ते काम आम्ही जेवायच्या सुटीत केलं. सकाळी लवकर येऊन केलं. पूर्ण एका माणसाचं काम आहे ते."

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "मामा, मला हे आत्ता कळतंय. माझ्याकडून वरच्या ऑफिसला दर महिन्याला तक्ता जातो, किती पेट्या निघाल्या, किती माणसं होती. सहा महिने चार माणसांच्या पेट्या तीन माणसांत निघाल्या. वरून विचारणा आली, चौथं माणूस कशाला?"

"मग सांगा की त्यांना, आम्ही सुटी घेत नव्हतो म्हणून."

"आता सांगू? मग विचारतील, मॅनेजर काय झोपली होती का?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी बदलीवर बाई घेणार होते, मामा. तुम्हीच नको म्हणालात. माझ्या वहीत आहे."

"मग आजपासून आम्ही मेणाला हात लावत नाही."

"असं करू नका. पहिल्या तारखेपासून ते तुमच्याच कामात धरलंय. तिघांनाही पत्रं येतील."

मामांनी विनवण्या करून दाताच्या कण्या केल्या. मॅनेजरबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, मधे एकदा पाण्याचा ग्लासही त्यांनी पुढे केला. पण ऐकण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं, किंवा त्यांना तसं वाटत होतं. दोन्हीचा परिणाम एकच.

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. मामी म्हणजे मामांची बायको, शिवणकाम करायची. दोरा तोडत म्हणाली, "पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं करायला? चार कवळ्या वाकड्या जाऊ द्यायच्या होत्या."

"कुणाच्यातरी तोंडात जाणार होत्या त्या," मामा म्हणाले.

मामीने पुढे वाद घातला नाही. "आधी जाऊन तिला खरं सांगा," एवढंच ती म्हणाली.

रविवारी मामा मेणताईकडे गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली. प्रत्येक पायरीवर त्यांनी वाक्य घोकलं: ती बाई नव्हतीच, पोरी, ती आम्हीच होतो. दार उघडल्या उघडल्या तिने मुलगी त्यांच्या हातात दिली. साडेपाच महिन्यांची गुबगुबीत पोर, हिरड्या दाखवत हसली. एक दात नुकताच वर येत होता. मामांनी सवयीने तो पाहिला आणि त्यांचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

मेणताईने टेबलावर कागद मांडले होते. पाठीचा कणा ताठ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण आवाजात भरवसा. "वकील करायची गरज नाही म्हणाले कचेरीतले. सरळ सांगायचं. मामा, त्या बाईंचा पत्ता मिळेल का हो? त्या स्वतः आल्या तर प्रश्नच मिटला."

"ती…" मामा म्हणाले. "ती आता या शहरात नसते."

"अरेरे. जाऊ दे. तुम्ही आहात ना."

ते खाली उतरले. एक खोटं निस्तरायला गेलेला माणूस दुसरं मागे ठेवून आला होता. सोमवारी त्यांनी तिला फोन लावला, मुलगी रडत होती म्हणून मेणताईने नंतर करते म्हणून ठेवला. मंगळवारी तिने केला, तर मामांनी उचलला नाही. याला भ्याडपणाच म्हणतात, आणि मामा स्वतःला तेच म्हणत होते.

चकाकी दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "मामा, माझी मावसबहीण आहे. तिचे केस रंगवू लाल. शिंकायला शिकवू. कोण ओळखतंय?"

"गप्प बस," मामा म्हणाले. पण ते दोन मिनिटांनी म्हणाले. तेवढी दोन मिनिटं त्यांनी खरोखर विचार केला होता.

सुनावणी गुरुवारी सकाळी अकराला होती. मामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कामगार कचेरीतल्या खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जग आणि बंद न होणारी खिडकी. अधिकारीबाई पन्नाशीच्या, बोलणं मऊ. त्यांच्या खालच्या जबड्यात डावीकडे तारेचा आकडा होता, नको तिथे घट्ट केलेला. हे मामांना दिसलं. असल्या वेळीही दिसलं. बाहेरच्या बाकावर मेणताईचा नवरा मुलीला घेऊन बसला होता.

मेणताईने आपलं म्हणणं छान मांडलं. एकदाही आवाज चढवला नाही. "माझ्या जागी बदलीवर बाई घेतल्या होत्या. नवीन होत्या, मेणाने भाजून घ्यायच्या. मी त्यांना चार पानं लिहूनही पाठवली होती. काम नसतं तर त्या कशाला आल्या असत्या?"

मॅनेजरबाईंनी खरोखरच गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "बदलीवर कुणालाही घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. हा पगाराचा तक्ता. आणि या पेट्यांच्या चिठ्ठ्या."

चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आला. अधिकारीबाईंनी वरच्या दहा-बारा पाहिल्या. मेणाच्या रकान्यात एकच सही होती, आंधळ्यालाही दिसेल अशी.

"ही सही कुणाची?"

मेणताई मामांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अजून भरवसा होता. "मामा, सांगा ना यांना. लाल केसांची बाई. सांगा ना."

"ती बाई नव्हती," मामा म्हणाले. "आम्ही थाप मारली होती. तू टाके घेऊन कामावर येशील म्हणून. ते काम आम्ही तिघांनी केलं."

खिडकीची झडप आपटत राहिली. मेणताईने टेबलावरचा हात मांडीवर घेतला.

"तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"नाही. पण आम्ही ते जेवायच्या सुटीत केलं. तिची जागा राहावी म्हणून केलं. बाहेरचा कुणी आला की जागा जाते, हे आम्ही पाहिलंय. म्हणून…" मामांनी मेणताईकडे बोट केलं. "तिच्यासाठीच केलं हो."

"समजलं. तशी कुठे नोंद आहे? आधी येण्याची, सुटीत काम केल्याची?"

"नोंद कशी असेल? लपूनच केलं."

"काम वेळेत झालं?"

"झालं."

"काम चांगलं झालं?"

इथे मामांना नाही म्हणता येणार होतं. म्हणायचं ठरवूनच ते आले होते. "नाही," ते म्हणाले. "तिच्यासारखं नाही जमलं आम्हाला. बिघडवलं आम्ही."

अधिकारीबाईंनी तक्ता चाळला. बराच वेळ चाळला. त्यांनाही दुसरं काही सापडावं असं वाटत असणार. "परत आलेल्या कवळ्या तीन," त्या म्हणाल्या. "त्याआधीच्या सहा महिन्यांत चार." त्यांनी तक्ता खाली ठेवला. "रजेवर गेल्या म्हणून बाईंना काढलं असतं, तर मी नक्की काही करू शकले असते. पण जागेची गरज नाही असं कागदावर दिसतंय, आणि दुसरी जागा पगाराने आणि हुद्द्याने तोलाची आहे. वेळेची अडचण कळते मला. तसं मी निकालात लिहीन. त्याने काही बदलेल असं मात्र सांगू शकत नाही."

मॅनेजरबाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या. जाताना त्यांनी पाण्याचा ग्लास मेणताईपुढे सरकवला.

बाहेरच्या व्हरांड्यात मामा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना वाटत होतं, आता ती येईल आणि वाटेल ते बोलेल. तिने शिव्या द्याव्यात, हात उगारला तरी चालेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तेवढंच काहीतरी फिटलं असतं.

ती आली. नवऱ्याकडून मुलगी घेतली. मग मामांकडे बघत राहिली, त्यांची गळ्याभोवती ढिली पडलेली कॉलर, सैल झालेला पट्टा.

"सहा महिने जेवायच्या सुटीत काम केलंत," ती म्हणाली. "मग जेवत कधी होतात?"

मामांनी पट्टा वर ओढला. "खायचो की," ते कसंबसं म्हणाले. "मेण तापेपर्यंत. उभ्याउभ्या."

"तारभाऊसुद्धा? आणि ती पोर?"

"तीसुद्धा."

मेणताईचे डोळे भरून आले. "मग आता मी रागावू कुणावर, मामा? मला सांगा तुम्ही. कालपर्यंत मला माहीत होतं."

"माझ्यावर रागव."

"तेच तर जमत नाहीये," ती म्हणाली, आणि मुलीच्या टोपीत तोंड खुपसून रडायला लागली. नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, मामांकडे न बघता. मुलीला वाटलं खेळच चाललाय. ती हसत होती.

मामांना तिथे थांबायचं होतं. निदान तिचं रडणं थांबेपर्यंत तरी. पण व्हरांड्यातल्या घड्याळात साडेबारा झाले होते. अर्ध्या दिवसाची रजा एकला संपत होती, आणि मधल्या टेबलावर मेणाच्या अकरा पेट्या पडून होत्या.